लिंडेन हाऊसचा तिसरा मजला

टॅमरॅक लँडिंग
९ जानेवारी २०२५

प्रिय हॅल्वरकाका,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते नेमके अडचणीच्या प्रश्नाच्या वेळीच येत नाही. पत्र मात्र तुम्ही दोनदा वाचता: एकदा मजकुरासाठी आणि एकदा चुकांसाठी.

आमच्या लिंडेन हाऊस वृद्धाश्रमाचे थंडाव्याचे यंत्र गेल्या ऑगस्टमध्ये बंद पडले, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता ते कायमचे गेले असे ठरले आहे. मेकॅनिक छतावरून खाली उतरला तो हात पुसतच. म्हणाला, "बाई, त्याला आता आहे तिथेच शांतपणे पडू द्या." नवे यंत्र बसवायला आमची तयारी आहे. चर्चच्या मंडळाने त्याची तरतूदही केली आहे. पण केंद्र सरकारच्या नियमामुळे जुन्या गॅसची नवी यंत्रे बनणे ह्या वर्षापासून थांबले, आणि दुकानदाराकडे शिल्लक होती ती शाळांनी उचलली. नवी यंत्रे येतात त्यांतला गॅस जरासा ज्वलनशील आहे, आणि आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत, ज्या इमारतीतली माणसे स्वतःच्या पायांनी पळू शकत नाहीत, तिथे असा गॅस चालत नाही. म्हणजे जुने मिळत नाही आणि नवे बसवता येत नाही. दोन्ही सरकारे आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या फटीत आम्ही.

काल पाद्री हॉफ ऑफिसात आले. टोपी हातातच धरून बसले, तेव्हाच मला समजले. "बेरिट," ते म्हणाले, "उन्हाळ्याआधी यंत्र बसले नाही, तर तिसरा मजला रिकामा करावा लागेल. गेल्या वर्षीसारखे पुन्हा घडू द्यायची मंडळाची हिंमत नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना राजधानीजवळच्या मोठ्या वृद्धाश्रमात हलवायचे म्हणतात. आईची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथून नदी दिसते आणि बाबांची जुनी होडी जिथे बांधलेली असे तो धक्का दिसतो. गेल्या ऑगस्टात मी तिला ओल्या चादरीत गुंडाळून बाथटबमध्ये बसवले होते. तिने त्यावर विनोद केले, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

नियमावली बदलून नवा गॅस चालू देण्याचा प्रस्ताव तुमच्या राज्य समितीपुढे आहे आणि एप्रिलमध्ये त्यावर मतदान आहे. तो फेटाळला गेला, तर पुढची संधी तीन वर्षांनी. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. म्हणून सरळ विचारते: तुमचे मत कोणत्या बाजूला पडणार? आणि तुमचे ते अध्यक्ष, श्री. पेल्टियर, फ्रिजमध्ये मागे राहून गेलेल्या कोबीसारखे दिसतात, त्यांच्याशी तुम्ही बोलाल का?

तुमची,
बेरिट

*

स्टोन प्रेअरी
१६ जानेवारी

चि. बेरिट,

तुझे पत्र मिळाले. त्यातील प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही. एखादा नियम विचाराधीन असताना समितीच्या सदस्याने त्याविषयी कोणाशीही खाजगीत बोलू नये, आणि त्याविषयी सदस्याला आलेला प्रत्येक लेखी मजकूर सार्वजनिक दप्तरात दाखल करावा, असा आमच्याकडे दंडक आहे. बंद दाराआड नियम बदलले जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू असून तो मला मान्य आहे. त्यानुसार तुझे पत्र मी सोमवारी समितीच्या चिटणीसांकडे दाखल केले.

वहिनी लिंडेन हाऊसमध्ये राहतात हे समितीत सर्वांना माहीत होते. परंतु ती इमारत ह्याच नियमाची वाट पाहत थांबली आहे, ही गोष्ट तुझ्या पत्राने प्रथमच लेखी स्वरूपात माझ्यापर्यंत आली. तीही मी अध्यक्षांना कळवली आहे. ते काय ठरवतात ते पाहू.

इकडे बर्फ पुष्कळ पडले. दारासमोरचा रस्ता मी स्वतःच मोकळा करतो. शेजाऱ्याने त्याचे यंत्र देऊ केले होते, परंतु ते चालवताना तो फार बोलतो. तुझ्या पत्रात स्वल्पविराम दोन ठिकाणी जास्त आणि एका ठिकाणी कमी आहे. वहिनींना सांग, रविवारी पत्ते खेळायला नेहमीप्रमाणे येतो.

तुझा काका,
हॅल्वर स्कोगन

*

टॅमरॅक लँडिंग
२० जानेवारी

हॅल्वरकाका,

तुम्ही माझे पत्र दाखल केलेत!

मी ते काकांना लिहिले होते, सरकारला नव्हे. आई बाथटबमध्ये ओल्या चादरीत बसली होती हे आता राज्यातला कोणीही दप्तर मागवून वाचू शकतो. आणि कोबी! श्री. पेल्टियर यांच्या हाताखालच्या माणसाकडून मला आमच्या इमारतीचा अग्निसुरक्षा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो, ह्याचा तुम्ही क्षणभर तरी विचार केलात का? आज सकाळी वर्तमानपत्रातून एका मुलीचा फोन आला. "कोबीचे पत्र लिहिणाऱ्या बाई आपणच का?" असे तिने अगदी नम्रपणे विचारले.

आईला सांगितले तेव्हा ती इतकी हसली की तिचे कानातले यंत्र निघून पडले. "हॅल्वरला पत्र लिहिलेस आणि त्याने ते कपाटात ठेवावे अशी तुझी अपेक्षा होती?" ती म्हणाली. "त्याने स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांची चूक सुधारली होती, बाळ." तिला हसू येते. मला येत नाही.

तुम्ही उत्तर दिले नाहीत, तरी ते मला कळले आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तुम्ही टर्की कापता कापता म्हणाला होतात, "जो गॅस पेट घेतो, त्याने पळू न शकणाऱ्या माणसांच्या घरात पाऊल ठेवू नये." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, मीही. तेव्हा मला कुठे माहीत होते की ते वाक्य आमच्या छतासाठी आहे! तुम्ही पस्तीस वर्षे आगी विझवल्यात. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत आगच दिसणार. पण माणसे उन्हानेही जातात, काका, आणि तेव्हा कोणी बंब घेऊन येत नाही.

उत्तर देता येत नसेल तर पत्रही पाठवू नका. रविवारी मात्र या. आईचा त्यात काही दोष नाही.

बेरिट

*

स्टोन प्रेअरी
३ फेब्रुवारी

चि. बेरिट,

तू पत्र पाठवू नकोस असे लिहिले आहेस, तथापि एक माहिती तुला देणे माझे कर्तव्य आहे. ह्या प्रस्तावापुरते मी मतदानापासून दूर राहावे, असा निर्णय अध्यक्षांनी दिला आहे. मी तो स्वीकारला. त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला पडणार, हा तुझा प्रश्न आता उरलेला नाही. तुझे दुसरे पत्रही मी दाखल केले आहे.

जाहीर सुनावणी ११ एप्रिल रोजी आहे. सूचनापत्र सोबत जोडले आहे. त्यातील शेवटचा परिच्छेद नीट वाच. ज्याला मत नाही, त्याला समोरच्या बाकावर बसण्यास कोणी मनाई केलेली नाही.

हॅल्वर स्कोगन

*

टॅमरॅक लँडिंग
२४ फेब्रुवारी

प्रिय हॅल्वरकाका,

हे पत्र मुद्दाम दप्तरी दाखल करण्यासाठीच लिहिते आहे. चिटणीस बाईंना माझा नमस्कार.

तुमचे मागचे पत्र वाचून मला वाटले, तुम्ही रुसून बाजूला झालात आणि तुमचे मत वळवण्याची संधीही गेली. चिडून ते पत्र आईपुढे टाकले. तिने चष्मा लावून सूचनापत्राचा शेवटचा परिच्छेद वाचला, जो मी वाचलाच नव्हता. "सदस्याला सुनावणीत प्रश्न विचारता येतात, निवेदन करता येत नाही. निवेदन जनतेने करायचे," ती म्हणाली. "तुझा काका जनता झाला आहे, बेरिट. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच." मग पत्ते पिसत म्हणाली, "आता तो बोलेल. आणि देवा रे, किती बोलेल!"

तरीही तुम्ही कोणत्या बाजूने बोलाल, हे मला अजून ठाऊक नाही.

कोबीचे पत्र वर्तमानपत्रात छापून आले. लाजेने मी दोन दिवस दुकानात गेले नाही. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेचा फोन आला: त्यांचेही यंत्र गेले आहे आणि आपण एकट्याच आहोत असे त्या समजत होत्या. मग एका दवाखान्याचा, मग मूकबधिर मुलांच्या वसतिगृहाचा. पत्रे कुठे पाठवायची, असे सगळे विचारतात. मी तुमच्या चिटणीस बाईंचा पत्ता देते.

आता माझा प्रश्न. मागच्या पत्रात मी भांडले, पण विचारले काहीच नाही. बंबवाल्या माणसाला ह्या गॅसची नेमकी कशाची भीती वाटते? थँक्सगिव्हिंगचे वाक्य नको. दारातून आत शिरताना काय वाटते, ते सांगा.

तुमची,
बेरिट

ता. क. स्वल्पविराम आईने तपासले आहेत.

*

स्टोन प्रेअरी
१० मार्च

चि. बेरिट,

प्रश्न योग्य आहे आणि मी आता त्याचे उत्तर देण्यास मोकळा आहे. ह्या पत्राची प्रत दप्तरात ठेवली आहे.

धुराने भरलेल्या इमारतीचे दार उघडताना आम्हाला आगीची भीती वाटत नाही. ती दिसते, तिचा आवाज येतो, ती कुठे चालली आहे हे कळते. भीती वाटते ती भिंतीमागे काय आहे हे ठाऊक नसल्याची. एकदा एका थंड गुदामात माझ्या पुढे चाललेला माणूस अचानक गुडघ्यांवर बसला. आग अजून पलीकडच्या खोलीत होती. नळीतून निघालेला गॅस त्या उष्णतेत सापडला होता आणि त्याचा तिखट धूर त्याच्या मुखपट्टीच्या कडेतून आत गेला होता. तो वाचला, परंतु त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. तो गॅस ज्वलनशील नव्हता, बेरिट. तो जुना, तथाकथित सुरक्षित गॅस होता.

हे मला कायमच ठाऊक होते. तरीही ज्वलनशील हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप नकारासाठी वर जात असे. तुझे जानेवारीतले पत्र दाखल करताना मी ते नियमाप्रमाणे दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात बाथटबजवळ थांबलो. शब्दावरून मत देण्याऐवजी गॅस पाहावा, असे मी तेव्हा ठरवले.

इथल्या दलाच्या प्रमुख वँडा क्रुगर ह्यांना तू ओळखतेस. त्यांच्या सरावाच्या मैदानात काँक्रीटची एक खोली आहे. मी त्यांना म्हणालो, "मला त्या खोलीत नवा गॅस सोडायचा आहे." त्या म्हणाल्या, "हॅल्वर, निवृत्त माणसे मासे धरतात." परंतु त्यांनी एका शनिवारी खोली दिली, आणि समितीत मतदान करणारे राज्याच्या अग्निशमन संघटनेचे तीन प्रतिनिधीही वँडाबाईंनी स्वतःहून बोलावून आणले. सुनावणीआधी खुले प्रात्यक्षिक असल्यामुळे त्याची जाहीर सूचना लावली होती. बघायला शाळकरी मुलांचे पालक आणि एक कुत्रा आला.

आम्ही खोलीबाहेरूनच काचेतून पाहिले. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. कमरेइतक्या उंचीवर ठेवलेल्या मेणबत्तीला त्याचा पत्ताही लागला नाही. जमिनीवरच्या मेणबत्तीपाशी मात्र त्याने पेट घेतला. स्फोट नव्हे: एक आळशी, निळसर ज्योत फरशीवरून सरकत गेली. वँडाबाई म्हणाल्या, "माझी मांजर ह्याहून वेगाने उठते." तरी ती ज्योत होती आणि तिच्यामागून तोच तिखट धूर आला. हे मी लपवणार नाही.

मग दुसऱ्या वेळी आम्ही जमिनीपाशी गळती ओळखणारे यंत्र लावले. गॅस जमू लागताच त्याने पंखा सुरू केला आणि नळीतला पुरवठा तोडला. गॅस हवेत पांगला. जमिनीवरची मेणबत्ती शेवटपर्यंत मेणबत्तीसारखीच जळत राहिली. तिन्ही प्रतिनिधींपैकी एक जण, जो सगळ्यांत कडवा विरोधक होता, म्हणाला, "हे ठीक आहे. पण दारात उभ्या असलेल्या माझ्या दलातल्या पोराला हे कोण सांगणार?"

तोच माझा प्रश्न आहे. म्हणून मी सुनावणीत दोन अटी मागणार आहे: जमिनीलगत ते यंत्र, आणि मुख्य दाराशेजारी, बंबवाल्यांना अंधारात हाताने चाचपता येईल अशी उठावाच्या अक्षरांची पाटी, आत कोणता गॅस आहे हे सांगणारी. जुन्या गॅसला अशी पाटी कधीच नव्हती. नव्याला असेल.

परसातल्या रुबार्बच्या भाजीचा पहिला कोंब बर्फाखालून अजून वर आलेला नाही.

तुझा काका,
हॅल्वर

*

टॅमरॅक लँडिंग
७ एप्रिल

प्रिय काका,

मी सुनावणीला येऊ शकत नाही. दुसऱ्या मजल्यावर फ्लूची साथ आहे आणि दोन नर्सही आजारी आहेत. इतके महिने ह्या दिवसाची वाट पाहिली, आणि त्या दिवशी मी सूप वाढत असणार.

इकडे एक गोष्ट घडली. तिसऱ्या मजल्यावरच्या श्री. टोफ्टे यांनी कोणाला न सांगता सामान बांधून ठेवले आहे. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ऐनवेळी धावपळ नको. म्हातारा माणूस सामान बांधायला वेळ घेतो." आईने ते ऐकले आणि काठी टेकत त्यांच्या खोलीत गेली. "आर्ने," ती म्हणाली, "त्या ट्रंकेतून निदान तुझा रेझर तरी काढ. शुक्रवारपर्यंत तू अस्वल दिसशील." त्यांनी रेझर काढला. बाकीची ट्रंक तशीच आहे.

आईने स्वतः काहीच बांधलेले नाही. खिडकीत बसते आणि धक्क्याकडे पाहते. काही विचारले की म्हणते, "हॅल्वर आहे ना तिथे." मला तिच्या त्या विश्वासाची भीती वाटते.

जे होईल ते मला तुम्ही स्वतः कळवा. बातमीतून नको.

बेरिट

*

राजधानी, हॉटेलमधून
११ एप्रिल

चि. बेरिट,

प्रस्ताव दोन्ही अटींसह मंजूर झाला. हे वाक्य आधी लिहिले, कारण तू पुढचे वाचण्याआधी ते शोधणार हे मला ठाऊक आहे.

आता क्रमाने. आमच्याकडे दप्तरातील प्रत्येक पत्र सुनावणीत मोठ्याने वाचले जाते. हा जुना रिवाज आहे. एरवी त्यात तासभरही जात नाही, कारण यांत्रिक नियमांविषयी कोणी पत्रे लिहीत नाही. आज दुपारचे जेवण उलटून गेले. दवाखाने, वसतिगृहे, एक दूध संघ, आणि कुठल्याशा गावच्या वाचनालयातली एक बाई, जिने केवळ कोबीविषयी पुढे काय झाले असे विचारले होते. पत्रे आली त्या क्रमाने वाचायची असल्यामुळे तुझे सर्वांत पहिले होते. ते वाचण्याची पाळी अध्यक्षांची होती.

श्री. पेल्टियर यांनी एकही शब्द न गाळता वाचले. ओल्या चादरीपाशी त्यांनी पाण्याचा घोट घेतला. कोबीपाशी थांबले, चष्मा काढून पुसला आणि तसेच पुढे वाचले. वाचून झाल्यावर म्हणाले, "सदस्यांनी नोंद घ्यावी की अध्यक्ष अद्याप टिकून आहेत." सभागृहात इतके हसू मी कधी ऐकले नव्हते. मला वाटते, त्याच क्षणी लोकांना तो नियम घरातला वाटू लागला.

मग मी बोललो. वहिनींचे भाकीत खरे ठरले. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा माझे पहिले वाक्यच चालू होते, आणि अध्यक्षांनी जनतेला दिली जाणारी सवलत म्हणून मला आणखी वेळ दिला. अग्निशमन संघटनेच्या तिघांनीही पाटीच्या अटीसह बाजूने मत दिले. मी सदस्य म्हणून बसलो असतो, तर माझे मत एक असते आणि त्या तिघांसमोर मी मैदानात तो प्रयोग करू शकलो नसतो. नियम १ जूनपासून लागू होईल. तुझ्या ठेकेदाराला आजच कळव. त्या यंत्रांना आता रांग लागेल.

हे प्रकरण बंद झाले असल्यामुळे तुझ्या जानेवारीतल्या प्रश्नाचे उत्तर आता खाजगीत देता येते. तू लिहिलेस तेव्हा माझे मत विरोधात होते. तू लिहिले नसतेस, तर मी एप्रिलमध्ये हात वर करून, मनाशी पूर्ण समाधानी होऊन, घरी गेलो असतो. आणि रविवारी त्याच तिसऱ्या मजल्यावर पत्ते खेळायला आलो असतो.

हे पत्र मी कुठेही दाखल करणार नाही. तू ते वहिनींना दाखवू शकतेस.

तुझा काका,
हॅल्वर

*

टॅमरॅक लँडिंग
२९ जून

प्रिय हॅल्वरकाका,

बाहेर चिकट ऊन आहे, कुत्री पोर्चखाली जाऊन झोपली आहेत, आणि मी लांब बाह्यांचा सदरा घालून लिहिते आहे. यंत्र मंगळवारी सुरू झाले. श्री. टोफ्टे यांनी ट्रंक रिकामी केली आणि तिच्यातून लोकरीचे मोजे काढून घातले. वर तक्रार करतात: "बेरिट, ह्या वयात मला गोठवून ठेवायचा विचार आहे का?" त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत आनंदी तक्रार असावी.

वँडाबाई त्यांच्या दलाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला डोळे मिटून दारापाशी उभे केले आणि हाताने पाटी वाचायला लावली. नवीन भरती झालेल्या एका मुलीने सगळी अक्षरे बरोबर सांगितली आणि मग विचारले, "हे खाली काय आहे?" खाली, पाटीच्या चौकटीबाहेर, कोणीतरी कोबीचा एक छोटा, उठावाचा गड्डा चिकटवला आहे. मी तो लावलेला नाही. दाखला द्यायला श्री. पेल्टियर त्या दिवशी स्वतः आले होते आणि दारापाशी बराच वेळ एकटेच उभे होते, एवढेच मी सांगू शकते. तुम्ही तो बेकायदेशीर ठरवू नये अशी विनंती.

तुमचे एप्रिलचे पत्र मी आईला दाखवले. तिने ते सावकाश वाचले आणि घडी करून बाबांच्या फोटोमागे ठेवले. जेवणाच्या वेळी म्हणाली, "म्हणजे तो विरोधात होता, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, हॅल्वर आहे ना तिथे." मी म्हटले, "पण होतेच ना ते तिथे."

"होता," ती म्हणाली. "त्याला लिही, रविवारी लवकर ये. आणि स्वेटर आण. इथे थंडी असते."

तुमची,
बेरिट